तुणतुणं, बेंजो आणि हाँकी-टाँक

प्रश्न : काका, मी भवानी पेठेत राहतो. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात मागावर, रात्री आमच्या बेंजो पार्टीत. यूट्यूबवर ड्वाइट योकम नावाचा अमेरिकन गायक सापडला. हॅट घालून जुन्या वळणाचं गातो, पण गिटार अशी धारदार की अंगावर येते. ते ऐकून आम्ही मामांच्या शाहिरी गाण्यांना बेंजो आणि ड्रम लावले. मामा चाळीस वर्षं तुणतुणं वाजवतात. म्हणाले, "परंपरेचं वाटोळं केलंस." योकम परंपरेतला की मॉडर्न? आणि मी कुठला?

उत्तर : का बे, एवढं मोठं पत्र, आणि मामांना पुढं काय उत्तर दिलंस ते लिहिलंच नाहीस!

मी तीस वर्षं सोलापुरात लाउडस्पीकर भाड्यानं दिलेत. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांची घरघर, मौत का कुआँतल्या मोटारसायकली, पिपाण्या. त्यात तुणतुणं घेऊन कुणी आलं की पहिलं वाक्य ठरलेलं : "जरा आवाज वाढवा की." तेव्हा तुझ्या प्रश्नाकडे मी आवाजाच्या बाजूनंच बघणार.

योकमच्या त्या जुन्या वळणाला हाँकी-टाँक म्हणतात. हाँकी-टाँक म्हणजे तिकडचा गुत्ता, नाचायला थोडी जागा असलेला. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि टेक्सासकडं तेलविहिरींवरच्या मजुरांनी हे गुत्ते भरू लागले. कोपऱ्यात ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की तबकडी वाजवणारं कपाट. अर्नेस्ट टब नावाच्या गायकाची गोष्ट सांगतात. ही कपाटं चालवणारा एक जण त्याला म्हणाला, दुपारी तुझी गाणी वाजतात, पण संध्याकाळी गर्दी झाली की ऐकूच येत नाहीत. टबनं १९४१ मध्ये विजेची गिटार घेऊन गाणं मुद्रित केलं आणि ते तुफान चाललं. आता तू ज्याला मॉडर्न धार म्हणतोस, ती नंतर कुणी लावली असं नाहीच. गर्दीत ऐकू यावं म्हणून ती पहिल्यापासूनच आहे. मामांसारखी माणसं तिकडंही होती. नॅशव्हिल म्हणजे कंट्रीचं, या अमेरिकन गावरान संगीताचं, मुख्य गाव. तिथल्या ग्रँड ओल ऑप्री या मोठ्या रंगमंचावर कित्येक वर्षं ड्रम चालत नसे.

पुढं त्याच नॅशव्हिलनं गाण्यावर व्हायोलिनांचा आणि कोरसचा साखरपाक ओतला. त्याला उत्तर आलं कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डहून, आणि हे गाव सोलापूरकराला लगेच कळेल. १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी उठलेली ओक्लाहोमाकडची कुटुंबं तिथं कापूस वेचायला आली. आपल्या पूर्वभागातली पद्मशाली घरं तेलंगणातून कापसाच्याच धंद्यासाठी आली की नाही? मर्ल हॅगर्ड हा गायक त्याच भागात १९३७ साली जन्मला. आईबाप ओक्लाहोमाचे, घर म्हणजे रेल्वेच्या मालडब्याचं केलेलं. तो आणि तिथलाच गायक बक ओवेन्स यांनी टेलिकास्टर ही विजेची गिटार अशी वाजवली की काच तडकावी.

योकम त्यांचा वारस. जन्म १९५६, केंटकीतला, आजोबा कोळसा खाणीतले. नॅशव्हिलमध्ये कुणी दार उघडलं नाही, म्हणून लॉस एंजेलिसला गेला आणि पंक रॉक, म्हणजे कर्कश, बंडखोर गाणी वाजवणाऱ्या पोरांच्या क्लबांत गायला लागला. ज्यांना कंट्रीचं वेड नव्हतं तेही नाचले. १९८६ मध्ये पहिला पूर्ण अल्बम आला, त्यातलं गाजलेलं गाणं त्याच्याही तीस वर्षं आधीचं, जॉनी हॉर्टन या गायकाचं. चाल तीच, ठेका कडक. १९८८ मध्ये तर त्यानं मागं पडलेल्या बक ओवेन्सलाच सोबत घेऊन गायलं, आणि ते बिलबोर्ड या संगीत मासिकाच्या कंट्री यादीत पहिलं आलं. त्यात अकॉर्डियन आहे. ऐक, पेटीची चुलत बहीण वाटेल.

आता तुझं. तू पाठवलेली फीत दोनदा ऐकली. मामा वाद्यांबद्दल चुकतात. बेंजो तरी कुठला जुना? बुलबुलतरंगाला पिकअप (तारांचा आवाज विजेनं उचलणारा तुकडा) लावून मिरवणुकीत ऐकू येईल असा केलेला, टबच्या गिटारीसारखाच. (अमेरिकन बँजो वेगळा, बरं का. तो चामड्याचा.) पण एका गोष्टीत मामांचं खरं आहे : शब्द कळत नाहीत. योकम परत ऐक. तो गात असतो तेव्हा गिटार हळू असते. ओळ संपली, त्याचा आवाज शेवटी जरा फाटला, की मग त्या फटीत ती घुसते. आपल्याकडं झीलकरी "जी जी रं" कधी धरतो? शाहिराची ओळ संपल्यावरच. तुझा बेंजो मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बडबडतोय.

प्रश्न : अमेरिकन कंट्री गाण्यांत मागून रडल्यासारखं वाजतं ते कोणतं वाद्य? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : पेडल स्टील. तारांवर धातूची कांडी सरकवायची, पायानं आणि गुडघ्यानं ताण बदलायचा. मूळ हवाईयन गिटारचं. घरात आपल्याकडचा गिटारवादक व्हॅन शिपले याच्या जुन्या तबकड्या असतील तर ओळख पटेल.

भवानी पेठेच्या पत्रलेखकासाठी आणखी एक : माझ्याकडं माईकला आणि वाद्याला वेगळी बटणं असलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर पडून आहे. रविवारी ये, मामांनाही आण. बेंजोचं बटण त्यांच्या हातात देऊ.