कल्ट, अभिजात आणि सत्तर रुपये

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा भाचा ‘अशी ही बनवाबनवी’ या सिनेमाला ‘कल्ट’ म्हणतो, त्या ‘अभिजात’ म्हणतात. गणपतीत सगळे जमले असताना यावरून जेवणं लांबली म्हणे. दोघांत बरोबर कोण, आणि ‘कल्ट’ला मराठी शब्द आहे की नाही?

ताई, रागावू नका, पण मी भाच्याच्या ताटात वाढणार आहे.

‘अभिजात’ म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. शब्दात ‘जात’ आहे, म्हणजे जन्म आहे. 2024च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून हा शब्द रिक्षाच्या मागेही दिसतो, पण अर्थ तोच: गुण वस्तूच्या अंगचा, जन्माचा. ‘कल्ट’ मात्र लॅटिनमधल्या जमीन कसणे, निगा राखणे अशा अर्थाच्या क्रियापदातून आलाय. पुढे त्याच क्रियापदाला पूजाअर्चेचा अर्थ चिकटला. इंग्रजीतले शेतीचे आणि संस्कृतीचे शब्द त्याचीच भावंडं. म्हणजे कल्टमध्ये जन्म नाही, मशागत आहे. आणि मशागत करणारा दिग्दर्शक नव्हे, प्रेक्षक.

सिनेमाच्या बाबतीत हा शब्द रुजला तो पडलेल्या सिनेमांमुळे. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ 1975 साली आला आणि आपटला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका थिएटरात मध्यरात्रीचे खेळ लागले. तेच तेच लोक पुन्हा पुन्हा येऊ लागले, पात्रांसारखे कपडे करून, पडद्याला उलट उत्तरं देत. आपल्याकडे लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या कुंदन शहांचा ‘जाने भी दो यारो’ घ्या. 1983चा. पहिल्या खेपेला फार गर्दी झाली नाही, दर्दी मात्र नंतर जमत गेले.

आता ताई म्हणतील, बनवाबनवी 1988मध्ये पडला कुठे? चांगला दणकून चालला की. बरोबर आहे. मूळ अर्थ काटेकोर धरला तर भाचाही हरतो. पण मराठीत आल्यावर पडण्याची अट गळून गेली आणि तोंडपाठ असण्याची अट तेवढी उरली. मला हा बदल पटतो. कारण आपल्याकडचा कल्ट कपड्यांत दिसत नाही, बोलण्यात दिसतो.

बनवाबनवीतली तीनच वाक्यं घेऊ. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ यात विनोद असा काहीच नाही. पण त्यातला ‘च’ काढून बघा. ‘धनंजय माने इथे राहतात का?’ हा कुरिअरवाल्याचा प्रश्न झाला. ‘इथेच’ म्हटलं की विचारणारा बरेच जिने चढून आलाय आणि आता दारात पाय रोवून उभा आहे, हे कळतं. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहिलेल्या कुणालाही हा ‘च’ समजावून सांगावा लागत नाही.

दुसरं, ‘सत्तर रुपये वारले’. ‘बुडाले’ म्हटलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती. ‘वारणे’ हे माणसासाठी राखलेलं क्रियापद, तेही आदराचं. कुत्रं मरतं, आजोबा वारतात. ते क्रियापद घरमालकाच्या पैशांना लावलं आणि सत्तर रुपयांना सुतक आलं. आज आमच्या कट्ट्यावर उसने गेलेले पाचशेही ‘वारतात’. ते परत मागायचे नसतात, हे त्यातच आलं.

तिसरं, ‘हा माझा बायको’. शाळेत याला लिंगदोष म्हणून लाल रेघ बसली असती. इथे त्या दोषावरच अख्खी बनवाबनवी उभी आहे. पुरुष, साडी आणि घसरलेली जीभ, सगळं एका ‘हा’मध्ये.

तिन्ही ठिकाणी गंमत व्याकरणाच्या सांध्यात आहे, म्हणून ती भाषांतरात टिकत नाही. हिंदीत सांगून बघा, समोरचा सभ्यपणे हसेल.

आता मराठी शब्द. ‘पंथ’ किंवा ‘संप्रदाय’ कोशात सापडतील, पण ‘पंथीय चित्रपट’ म्हटल्यावर लोक टाळ शोधू लागतील. ‘भक्त’ हा शब्द तर आता दुसऱ्याच बाजारात गेलाय. माझं मत ‘पारायण’ला. पार म्हणजे पैलतीर, अयन म्हणजे जाणं. पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत. गुरुचरित्राचं पारायण करणाऱ्याला पुढे काय होणार हे माहीत असतं, तरी तो सात दिवस बसतो. बनवाबनवी टीव्हीवर मधूनच लागला तरी आपण बसतो ते तसंच. ‘त्या सिनेमाची पारायणं केलीत’ असं आपण बोलतोच, मग ‘पारायणी सिनेमा’ म्हणायला काय हरकत आहे? शब्द देवघरातला आहे म्हणून कुणी नाक मुरडू नये. ज्या ‘फॅन’ला आपण चेष्टेत ‘पंखा’ म्हणतो, त्याचंही मूळ लॅटिनमधल्या देवळाच्या शब्दात आहे.

तरी भाचा ‘पारायणी’ म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याच्या तोंडी ‘कल्ट’ आता विशेषण झालंय, तेही ‘लाल’, ‘सुंदर’च्या रांगेतलं, न बदलणारं: कल्ट सिनेमा, कल्ट गाणी, कल्ट मिसळ. शेवटचं मी परवा डेक्कनला कानांनी ऐकलं. पहिल्याच घासाला म्हणाला एकजण. तिथे मात्र मी ताईंच्या बाजूचा. एका घासात मिसळ भारी असू शकते, जबरी असू शकते, कल्ट नाही. त्यासाठी त्याच टेबलावर निदान दहा वर्षं बसावं लागेल, आणि तर्री मागताना वेटरनेच आपलं वाक्य पुरं करायला हवं.