बीडचे ऊसतोड कामगार दरवर्षी गाव सोडतात, मग कायमचे का जात नाहीत?

जातात उचलीमुळे, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांमुळे, आणि परततात, कारण कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की तिकडे काम उरत नाही. दुष्काळ हे अर्धंच उत्तर. हंगामाआधी मुकादम एका कोयत्याला, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोडीला, आगाऊ रक्कम देतो. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात जिरते आणि फेडायला दसरा-दिवाळीच्या सुमारास सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटक गाठावंच लागतं. फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर. खरी मेख हीच! मार्च-एप्रिलनंतर गावाकडे निदान कोरडवाहू तुकडा, पावसाळ्यातला कापूस आणि मागे ठेवलेले म्हातारे आई-बाप असतात. अर्थात बीडमधल्या धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातूनही सगळेच जात नाहीत; विहिरीला पाणी असलेला सहसा थांबतो.