लाईट चालू असताना सिस्टरला काय सांगायचे?

प्रश्न : जिभेच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बाबांना ३० वेळा लाईट (रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार) द्यायची आहे. मशीन टेक्निशियन चालवतात. सिस्टर दर सोमवारी वजन करतात, बॅटरी मारून तोंड बघतात. दहा लाईट झाल्यापासून जेवताना आग होते. बाबा म्हणतात, ‘सिस्टरला सांगू नका, लाईट बंद करतील.’ काय करावे?

उत्तर : आजच सांगा. लपवल्यानेच लाईट बंद पडायची वेळ येते. आग झाली की खाणे कमी होते, वजन उतरते आणि गाल-मान बारीक झाली की लाईट घेताना डोके स्थिर धरणारा जाळीचा मास्क सैल होतो. मग डोके हलते, किरणांचा मारा नेमका बसत नाही. नवा मास्क, नवा स्कॅन, नवे प्लॅनिंग यात दिवस जातात आणि त्या खाड्यांत उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला वाव मिळतो. सोमवारचा वजनकाटा असतो तो यासाठी. ६० किलोच्या माणसाचे ३ किलो उतरले, तर ती घट मोठी समजायची.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येणे अपेक्षितच आहे. सिस्टर बघतात ते हे, की नुसती लाली आहे, जखम झाली आहे की पांढरी बुरशी धरली आहे. बुरशीचे औषध वेगळे असते, ते घरी ओळखून घेऊ नये.

गुळण्यांसाठी उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात १ छोटा चमचा मीठ, १ छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर गुळणी करायची, पाणी गिळायचे नाही. रोज ताजे करा. अल्कोहोलचा माउथवॉश नको, फार झोंबतो. आग जास्त असेल तर जेवणाआधी लावायचे बधिर करणारे औषध डॉक्टरांकडून मिळते. तूप घातलेली मऊ खिचडी, पेज, मिक्सरमधून काढलेले वरण थोडे थोडे, कोमट द्या.

पाणीही गिळवेना किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सोमवारची वाट पाहू नका. नाकातून नळी घालायला सांगितली तर घाबरू नका. पोटात अन्न गेले की लाईट चुकत नाही.

प्रश्न : मानेची कातडी काळवंडली आहे. हळद-तेल लावू का?

उत्तर : नको. बाम, पावडरही नको. कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा, घासू नका. ब्लेडने दाढी बंद, कॉलरचा शर्ट बंद. मलम सिस्टरला विचारूनच.

प्रश्न : नातवाला जवळ घेतले तर त्याला किरण लागतील का?

उत्तर : नाही. मशीन बंद झाले की बाबांच्या अंगात किरण उरत नाहीत. खुशाल मांडीवर घेऊ द्या.