डास आणि मलेरिया ‘संबंधित’ म्हणजे नेमके काय?

आमचा थिसॉरस, म्हणजे विषयसंज्ञांचा त्यांच्या संबंधांसह केलेला कोश, चांगला आहे. ऑन्टॉलॉजीने, म्हणजे वर्ग आणि त्यांची नाती यंत्राला कळतील अशा मांडणीने, वेगळे काय मिळणार?

थिसॉरसमध्ये ‘मलेरिया’समोर ‘डास’ ही संबंधित संज्ञा असते आणि ‘क्लोरोक्विन’ही. एक रोग पसरवतो, दुसरे त्यावरचे औषध; हे वाचकाला कळते, यंत्राला नाही. ऑन्टॉलॉजीत नात्याला नाव द्यावे लागते: ‘प्रसार करतो’, ‘यावर उपचार आहे’.

‘व्यापक संज्ञा’ आणखी फसवी. चाक सायकलीखाली, सायकल वाहनांखाली, अशी उतरंड थिसॉरसमध्ये खपून जाते. ती तशीच ‘प्रकार’ म्हणून ऑन्टॉलॉजीत ओतली, तर यंत्राच्या लेखी चाकही वाहन ठरते! चाक सायकलीचा भाग आहे, सायकल वाहनाचा प्रकार. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरण या ग्रंथवर्गीकरण पद्धतीवर (१९३३) हात बसलेल्यांना विषयाचे पैलू असे सुटे करण्याची सवय असतेच.

मग सगळा थिसॉरस ‘आउल’मध्ये (OWL, ऑन्टॉलॉजी लिहिण्याची भाषा) न्यावा का?

बहुतेकदा नको. शोध सुधारणे एवढाच हेतू असेल तर ‘स्कॉस’ (SKOS, थिसॉरस यंत्राला वाचता येईल असा मांडण्याचे मानक, २००९) पुरते. संज्ञांची नाती आहेत तेवढी सैल ठेवण्याची सोय त्यात आहे.

‘अनुवादक’ हा गुणधर्म फक्त पुस्तकाला लागू, असे आम्ही ‘आउल’मध्ये लिहिले. तरी एका नकाशाला चुकून जोडलेला अनुवादक पकडला गेला नाही. असे का?

कारण तुम्ही ज्याला नियम समजलात, ते यंत्राला अनुमानाचे साधन वाटते. याला अनुवादक आहे, अर्थात हे पुस्तकही आहे, असा निष्कर्ष काढून ते मोकळे होते. नकाशा आणि पुस्तक हे वर्ग परस्परांपासून अलग आहेत, असे सांगितले असते तरच विसंगती दिसली असती. उलट बाजूनेही तेच: अनुवादकाची नोंद नसली, तर अनुवादक नाहीच असे ते धरत नाही, माहिती अपुरी आहे असे मानते. तालिकेतल्या चुका पकडायच्या असतील तर ‘शॅकल’ (SHACL, नोंदी ठरवलेल्या नियमांत बसतात का हे तपासण्याची भाषा, २०१७) वापरा, ते त्याच कामासाठी आहे.

जाता जाता: अनुवादक पुस्तकाला जोडूच नका. इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१७च्या प्रतिमानात कृती (मूळ रचना), अभिव्यक्ती (तिचे एखाद्या भाषेतले रूप), प्रकटन (प्रकाशित आवृत्ती) आणि प्रत असे चार स्तर आहेत. अनुवाद ही अभिव्यक्ती. अनुवादकाची जागा तिथे.

सुरुवात कुठून करावी?

‘प्रोटेजे’ हे ऑन्टॉलॉजी रचण्याचे सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागद घ्या. ‘या कादंबरीचे एकाहून अधिक अनुवाद झालेली भाषा कोणती?’ असे वाचकांचे वीसेक खरे प्रश्न लिहा. ज्या वर्गाची गरज एकाही प्रश्नाला पडत नाही, तो गाळा. पहिल्या खेपेला मी उलटे केले, आधी वर्गच आखत बसलो. त्यातले निम्मे पुढे कधी उघडलेसुद्धा नाहीत.