कमाई तुमची, मग होकार कुणाचा?

प्रिय मैत्रीण,

पत्राखाली तुम्ही ‘माझेच पैसे मागणारी’ अशी सही केली आहे. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. घरात येणाऱ्या शंभरातले ६२ तुमचे, ३८ नवऱ्याचे. दोन्ही पगार संयुक्त खात्यात जातात; पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्या फोनवर. महिन्याला तो तुम्हाला ठरावीक रक्कम देतो. कमी पडली की तुम्ही मागता आणि तो विचारतो, ‘मागच्या आठवड्यात दिले होते त्याचं काय झालं?’ तुम्हाला एक कोर्स करायचा होता, त्यावर ‘बघू’ मिळालं. त्याच सुमारास भावाच्या धंद्यासाठी मोठी रक्कम गेली, ती तुम्हाला दोन महिन्यांनी कळली. चार महिन्यांपूर्वी तुमचा पगार वाढला. ती वाढ तुम्ही गुपचूप वेगळ्या खात्यात वळवली आणि आता मनाला टोचतंय. मी त्याला फसवतेय का, आणि त्याचा मान न दुखावता हे बोलू कसं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

आधी एक फरक लक्षात घ्या. पैसे सांभाळणं वेगळं आणि पैशांवर ताबा असणं वेगळं. जॅन पाल या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात जोडप्यांच्या पैशांचा अभ्यास करताना हाच भेद मांडला होता. बिलं वेळेवर भरणं, हप्ते चुकू न देणं हे सांभाळणं झालं. तुम्हीच लिहिता की ते काम तो चोख करतो. त्याचं श्रेय त्याला द्या. पण भावाला पैसे द्यायचे आणि तुमचा कोर्स लांबवायचा, हे ठरवणं म्हणजे ताबा. तुमच्या घरात सांभाळण्याच्या कामासोबत ताबाही त्याच्याकडे गेला, आणि तो कधी गेला हे दोघांनाही कळलं नसावं. जास्त कमावणाऱ्याच्या हाती आपोआप सत्ता येते असं नाही. कुणाला आधी कळतं, कुणाला विचारावं लागतं आणि कुणाच्या ‘नको’वर गोष्ट थांबते, ते बघायचं.

तेच कागदावर तपासा. गेल्या तीन महिन्यांतले नेहमीचे सोडून दहा-बारा खर्च लिहा. प्रत्येकापुढे तीन रकाने: खर्चाआधी कुणाला माहीत होतं, हो कुणी म्हटलं, नाही म्हणायची सोय कुणाला होती. तिसरा रकाना नीट भरा. खरी गोम बहुतेक वेळा तिथेच असते.

आता लपवलेला पगार. स्वतःचं खातं असणं योग्यच. ते लपवलेलं असण्यात अडचण अशी की त्याला ते आधी दुसरीकडून कळलं, तर पुढची सगळी चर्चा तुमच्या लपवाछपवीवरच होईल. भावाला दिलेल्या पैशांचा विषय निघणारच नाही. म्हणून आपणहून, पहिल्याच पाच मिनिटांत सांगा: किती, कधीपासून, का. माफी मागायचीच असेल तर न सांगितल्याची मागा, पगार वाढल्याची नको.

पण थांबा. तो धमक्या देत असेल, हात उगारत असेल, नोकरी सोडायला लावत असेल किंवा कागदपत्रं अडकवून ठेवत असेल, तर यातलं काहीही सांगू नका. खातं तसंच राहू द्या, ओळखीची आणि नोकरीची कागदपत्रं घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा आणि मदत करणाऱ्या संस्थेशी किंवा वकिलाशी त्याच्या हाती न लागणाऱ्या फोनवरून बोला. तिथे संवाद हा उपाय नाही. तुमच्या पत्रात तशी खूण दिसली नाही, म्हणून पुढचं लिहिते.

बोलायला बसताना पहिली मागणी पैशांची नको, माहितीची हवी. सगळी खाती, कर्जं, विमा, गुंतवणुका, प्रत्येकाचा नॉमिनी आणि कुठल्या तारखेला कुठून काय कापलं जातं, एवढं एका कागदावर यावं. तुमचं स्वतःचं लॉगिन हवं. त्याचा पासवर्ड मागून घेतलेला चालत नाही, कारण तो केव्हाही बदलता येतो. व्यवहाराचे संदेश दोघांच्या फोनवर. कुठे जामीन म्हणून तुमची सही आहे का, हेही विचारा. तो म्हणेल, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. उत्तर तयार ठेवा: ‘उद्या तू आजारी पडलास तर कुठला हप्ता कुठून भरायचा, हे मला माहीत नाही. ते मला चालणार नाही.’

मग रचना. पगार आपापल्या खात्यात आणि तिथून संयुक्त खात्यात वाटा, हे मला सर्वात कमी कटकटीचं वाटतं. घरखर्चाला शंभरातले ७० आणि बचतीला १० लागतात असं धरू, उरले २०. कमाईच्या प्रमाणात वाटा घेतला तर हातात तुमच्या १२.४ उरतात, त्याच्या ७.६. दुसरा मार्ग म्हणजे दोघांना सारखे १०. मग तुम्ही संयुक्त खात्यात ५२ टाकता, तो २८. घर खरोखर एकत्र चालवायचं असेल तर मी दुसऱ्या बाजूची आहे, कारण पहिल्यात पगारातली उतरंड खिशातही उतरते. मात्र बचत दोघांच्या नावे हवी. आणि ते १० बिनहिशेबी! कशावर गेले हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

मोठ्या खर्चाला मर्यादा घाला, उदाहरणार्थ महिन्याच्या एकत्र उत्पन्नाच्या ५ टक्के. त्यावर दोघांचा होकार हवा. नातलगांना उसने देणं आणि जामीन राहणं मात्र कितीही रकमेचं असो, दोघांना विचारूनच. उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’ समजायचं. ‘बघू’ म्हटलं तर कधी बघू, ती तारीख तिथेच ठरवायची.

ही व्यवस्था सहसा एकाच ठिकाणी फसते. घरातलं काय संपलंय, मुलांना काय हवंय, कुणाला भेट द्यायचीय, हे जिच्या लक्षात येतं ती ते आपल्या १० मधून आणते, आणि तीन महिन्यांत तिचा वाटा घराचाच होऊन जातो. असे किरकोळ खर्च संयुक्त खात्यातूनच करा आणि तीन महिन्यांनी एकदा तपासा.

त्याच्या मानाबद्दल. अमेरिकेच्या जनगणना विभागातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये लोकांनी सांगितलेलं उत्पन्न कर-नोंदींशी ताडून पाहिलं. बायको जास्त कमावत होती त्या घरांत नवरा-बायको दोघेही तिची कमाई थोडी कमी आणि त्याची थोडी जास्त सांगत होते. तेव्हा ही वाकण्याची सवय एकट्या तुमची नाही. पण तुम्ही असंही लिहिलंय की पगार वाढल्यापासून घरकामही जास्त करता, ‘म्हणजे त्याला वाईट वाटायला नको’. हे त्याने मागितलं होतं का? तुम्ही काय सोडताय हे त्याला ठाऊकच नसेल, तर त्याची जाणीव तो ठेवणार कशी? एवढी किंमत मोजूनही बदल्यात तुम्हाला काहीच मिळत नाही.

पगाराच्या दिवशी किंवा भांडणानंतर बोलू नका. सुट्टीची सकाळ, कागद समोर, चाळीस मिनिटं. ‘तू मला दाबतोस’ म्हणालात की तो बचावाला उतरेल. ‘मागच्या महिन्यात मी चार वेळा मागितले आणि चारही वेळा कारण सांगितलं’ हे मात्र नाकारता येत नाही. सगळं एका बैठकीत होणार नाही. पहिल्या दिवशी तुमचं लॉगिन सुरू झालं तरी पुष्कळ.

दोनदा तारीख देऊनही काहीच हललं नाही, तर पगार स्वतःच्या खात्यात वळवायला त्याची परवानगी लागत नाही. कचेरीत अर्ज द्या. त्याआधी एका महिन्याच्या हप्त्यांइतकी रक्कम संयुक्त खात्यात राहील असं बघा, नाहीतर एखादा हप्ता परत जाईल आणि दंडही बसेल. तुमचा वाटा दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आपोआप तिथे जाईल अशी सूचना बँकेला द्या आणि त्याच दिवशी नवऱ्याला सांगा: रक्कम अमुक, तारीख अमुक, कशासाठी.