विंचाइट आणि विंचू

प्रश्न असा आहे: 'विंचाइट' या खनिजनामाचा विंचवाशी काही संबंध आहे का, आणि 'विंचाइट अ‍ॅस्बेस्टॉस' ही द्विरुक्ती होते का?

विंचवाशी काडीचाही संबंध नाही. मध्य प्रदेशात झाबुआ जिल्ह्यातल्या काजलीडोंगरीच्या मँगनीज खाणीत हॉवर्ड विंच यांना हे निळसर-जांभळे खनिज सापडले आणि फर्मोर या भूवैज्ञानिकांनी 1906 मध्ये त्याला विंच यांचे नाव दिले. म्हणून यातला च 'चार'मधला, 'विंचू'मधला नव्हे. लिहिताना ग्रॅफाइट, बॉक्साइटप्रमाणे इ ऱ्हस्व.

द्विरुक्तीही नाही. विंचाइट हे नाव घटकांवरून ठरते, तर अ‍ॅस्बेस्टॉस हे रूपावरून: बारीक, लवचीक, सुटे होणारे तंतू. विंचाइट साध्या लांबट स्फटिकांतही असते. अशा स्फटिकांना अ‍ॅस्बेस्टॉस म्हणणे चूक.

घटकांची गोम सोडियममध्ये आहे. विंचाइट अँफिबोल या सिलिकेट खनिजांच्या गटातले. या गटाच्या रचनेत ज्या दोन जागा ट्रेमोलाइट या दुसऱ्या अँफिबोलमध्ये कॅल्शियम भरतो, त्या विंचाइटमध्ये सोडियम आणि कॅल्शियम साधारण निम्म्या-निम्म्या वाटून घेतात. त्यापलीकडची मोठी जागा बहुतांशी रिकामी. तीही सोडियमने भरली की खनिज रिश्टेराइट या आणखी एका अँफिबोलकडे झुकते. ओळखीसाठी पाटनाचा, म्हणजे खनिज ज्या सपाट पातळ्यांवर फुटते त्यांच्यातला, कोन पाहावा तर तो 56 आणि 124 अंश, पण तो सगळ्याच अँफिबोलांचा. निळ्या रंगावर तर मुळीच विसंबू नये, ग्लॉकोफेन हे दुसरे अँफिबोलही निळेच. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून घटक मोजणाऱ्या उपकरणाने, पृथक्करण करावे लागते, आणि तिथेही लोखंडाच्या दोन अवस्था नेहमीच्या मोजणीत वेगळ्या होत नाहीत. त्या गणिताने काढाव्या लागतात. गणिताची रीत बदलली की सीमेवरच्या नमुन्याचे नावही बदलते. या दोन अवस्था खनिजनामाच्या उपसर्गातही दिसतात: 'फेरो-' म्हणजे द्विसंयुजी लोह, 'फेरि-' म्हणजे त्रिसंयुजी. मराठीत दोन्ही सर्रास 'फेरो' लिहिले जातात, ते टाळावे.

अमेरिकेत माँटाना राज्यातल्या लिबी गावच्या व्हर्मिक्युलाइट (तापवल्यावर फुगणारे अभ्रकासारखे खनिज) खाणीतल्या घातक तंतूंना वर्षानुवर्षे ट्रेमोलाइट म्हणत. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यांत सुमारे 84 टक्के विंचाइट, 11 टक्के रिश्टेराइट आणि 6 टक्केच ट्रेमोलाइट निघाले. नियमांच्या नेहमीच्या यादीत सहाच अ‍ॅस्बेस्टॉस खनिजे आहेत, विंचाइट त्यांत नाही. फुप्फुसांना मात्र यादी कळत नाही. अशा तंतूंसाठी 'विंचाइट अ‍ॅस्बेस्टॉस' किंवा 'तंतुमय विंचाइट' लिहावे.