विनोदानंतरचा ‘ब-डम-त्सऽऽ’: रिमशॉट की ठोका?

प्रश्न असा आहे: रंगमंचावर विनोद झाला की ड्रमवर ‘ब-डम-त्सऽऽ’ वाजतं, त्यालाच रिमशॉट म्हणतात का आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

बोलण्यात म्हणतात खरं, पण नेमकं पाहिलं तर ते बरोबर नाही. रिमशॉट हे एका आघाताचं नाव आहे. स्नेअर ड्रमवर, म्हणजे खाली तारा ताणलेल्या छोट्या ड्रमवर, काठी अशी आपटायची की टोक ताणलेल्या पडद्यावर आणि काठीचा दांडा धातूच्या कडेवर एकाच क्षणी बसला पाहिजे. दोन्ही एकदम बसले तर आवाज फटाक्यासारखा कडाडतो, किंचित पुढेमागे झाले तर फसतो. काठी पडद्यावर आडवी ठेवून नुसती कडेवर ‘टक’ वाजवतात, त्यालाही पुष्कळ जण रिमशॉट म्हणतात, पण तो प्रकार वेगळा. विनोदामागून येणाऱ्या सबंध तुकड्याला इंग्रजीत स्टिंग म्हणतात, म्हणजे डंख. त्यात दोन आघात आणि शेवटी झांज असते. आघातांपैकी एखादा रिमशॉट असेल किंवा नसेलही. एका आघाताचं नाव अख्ख्या तुकड्याला चिकटलं, इतकंच.

हा तुकडा अमेरिकेतल्या व्हॉडव्हिल (गाणी, नाच, नकला यांचे मिश्र खेळ) आणि बर्लेस्क (थट्टामस्करीचे, थोडे चावट खेळ) यांच्या रंगमंचांवर रुळला. तिथला ड्रमवाला नटाचे पाय पाहत वाजवायचा. नट घसरून पडला की खर्जातला मोठा बास ड्रम, थप्पड बसली की कडाड. असा प्रसंग आवाजात पकडण्याला ड्रमवाले ‘कॅच’ करणं म्हणत. ड्रम बनवणाऱ्या लुडविग बंधूंनी १९०९मध्ये शिकागोत बास ड्रमचं चपळ पेडल बनवायला घेतलं. अशा पेडलमुळे बास पायाकडे गेला आणि हात स्नेअर नि झांजेसाठी मोकळे झाले. हसू आणि आघात यांचं नातं मात्र याहून जुनं. ‘स्लॅपस्टिक’ हा शब्दच मुळात एका वाजणाऱ्या वस्तूचा आहे: जुन्या इटालियन प्रहसनांतली दोन फळ्यांची काठी, जी लागायची कमी आणि वाजायची जास्त.

आता मराठी शब्द. ‘ठेका’ नको, कारण ठेका आवर्तनात फिरत राहतो आणि हा तुकडा एकदाच येतो. ‘थाप’ हाताची असते, शिवाय थाप मारण्याचा दुसरा अर्थ मध्ये येतो. तीन आवाज आहेत म्हणून ‘तिहाई’ सुचेल, पण तिहाईत एकच बोलसमूह तीनदा येऊन समेवर पोचतो. इथे तसं काही नाही. ‘टोला’ मला फार आवडला होता. पण मराठीत टोला बोलणाराच हाणतो, त्यामुळे विनोद कुठला आणि ड्रम कुठला हे कळेनासं होतं. म्हणून माझी पसंती ‘ठोका’. छोटा, कोरडा, एकदाच पडणारा. आणि ठोका चुकतो हे आपल्याला काळजामुळे ठाऊकच आहे.

तो चुकण्याची जागाही पाहण्यासारखी आहे. मराठी वाक्य सहसा क्रियापदावर संपतं. समजा विनोद असा: घड्याळ दुरुस्तीला टाकलं आणि विचारलं, ‘न्यायला किती वाजता येऊ?’ तर घड्याळजी म्हणाला, ‘घड्याळात बघून या की!’ गंमत ‘घड्याळात’ या शब्दात आहे, पण त्यामागे ‘बघून या की’ शिल्लक राहतं. तोवर लोक हसायला लागतात आणि ड्रम हशात बुडतो. तेच ‘बघून या की, घड्याळात!’ असं फिरवलं की शेवटच्या शब्दाला चिकटून ठोका बसतो. आपला शब्दक्रम इतका लवचीक आहे, तर विनोद लिहिणाऱ्याने तो वापरायलाच हवा.

तेव्हा ड्रमवादन शिकवणारा मजकूर असेल तर ‘रिमशॉट’ तसाच ठेवा. संहितेत किंवा उपशीर्षकात ‘ड्रमचा ठोका’ लिहा. पात्र तोंडाने आवाज काढत असेल तर आवाजच लिहा. तिथे ‘त्स’ऐवजी ‘चमचा’तला च चालला असता, उच्चार जवळपास तोच आहे. पण नुसता ‘च’ पाहून वाचणारा तो ‘चहा’तला वाचेल. म्हणून ‘त्स’च बरा, आणि झांज घुमत राहते तेवढे अवग्रह (ऽ) त्यापुढे: त्सऽऽऽ.